आसाची खीळ

भिसेगाव, कर्जत
सोमवार, १३ ऑक्टोबर २०२५

ती. हिरूमामास योगेंद्रचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, मी बॅटरी म्हटलं की तुम्ही भाकरी ऐकता, म्हणून कागद घेतला. पोशा तुमच्याच हॉटेलात कामाला आहे आणि आठवड्यातून दोनदा माथेरानहून खाली-वर करतो, त्याच्या हाती पाठवतो आहे.

मामा, मी स्पोर्ट्स कार घेतली! दोन सीटची, लाल, आणि इतकी बुटकी की शेजारचा नागूकाका म्हणतो, “हिच्यात बसला की भाताची मुळं दिसतील रं.” खालापूरकडच्या एका फार्महाऊसवाल्याने ती चार वर्षं ताडपत्रीखाली टाकून दिली होती. मी आतलं उंदरांचं घरटं काढलं, सडकं पेट्रोल उपसलं, नवी बॅटरी बसवली. नागूकाकाने त्याचे सगळे पाने दिले. गुरुवारी ती पहिल्यांदा गुरगुरली तेव्हा अख्खी आळी बाहेर आली. काल सकाळी मात्र ढिम्म. बघतो तर बॅटरीचा नट सैल. मी तो नीट आवळला होता, शपथेवर सांगतो.

सोळा नोव्हेंबरला रविवारी अशा गाड्यांचे मालक कर्जतला जमून खोपोलीच्या घाटाने लोणावळ्याला जाणार आहेत. मलाही जायचं आहे, आणि सगळी दुरुस्ती माझ्या हाताने करून जायचं आहे. काय काय बघू ते लिहा. कुंभिवलीला एवढी वर्षं गॅरेज चालवलंत आणि राहायला गेलात ते मोटारबंदीच्या माथेरानात! न्हाव्याने टकल्यांच्या गावात दुकान टाकावं तसं झालं.

आई गाडीकडे बघतही नाही. बाबा टेंपोसकट त्याच घाटात गेले, तेव्हा तिचंही बरोबर आहे. तुमचं पत्र आलं की ती आपल्या रीतीप्रमाणे फळीवर उघडं ठेवीलच, घरच्यांनी-दारच्यांनी वाचायला.

लोभ आहेच, उत्तर तेवढं लवकर धाडा.
आपला, योगेंद्र

माथेरान
शुक्रवार, १७ ऑक्टोबर

चि. योगेंद्रास अनेक आशीर्वाद.

न्हाव्याची थट्टा पोचली. भेटलास की तुझी हजामत करतो. इथे मी हॉटेलचा जनरेटर आणि पाण्याचे पंप सांभाळतो. ते घाट उतरत नाहीत, म्हणून मला झोप लागते.

आता नीट वाच. चार वर्षं उभी राहिलेली गाडी धावत्या गाडीपेक्षा जास्त खराब होते. आधी बॅटरी. टोकं पॉलिश पेपरने घास आणि नटाखाली स्प्रिंग वॉशर घाल. मग फ्यूज. स्टिअरिंगच्या खाली डाव्या हाताला डबी असेल, तिच्यातला एक फ्यूज नसला तरी गाडी मुकी होते. दोन-चार जादा ठेव. मग टायर. नक्षी शाबूत दिसली तरी रबर म्हातारं झालेलं असतं, ते बदल.

सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात महत्त्वाचं, ब्रेक. ब्रेकचं तेल हवेतलं पाणी ओढतं. जुनं सगळं काढून टाक. चाक उतरवलंस की आतल्या बाजूला एक बारीक निप्पल दिसेल, वर रबराची टोपी. टोपी काढून पाना लावायचा आणि जरासं सैल करायचं, की तेल गळतं. नवं भरून झालं की पुन्हा घट्ट. ते तेल गेलं की गाडी संपली असं समज. आणि नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली डोकं घालायचं नाही, चांगली रुंद लाकडं लावायची.

एक सवय माझ्यासाठी लाव. फाटकाबाहेर पडण्याआधी इंजिन चालू करून ब्रेकवर सगळा जोर दे आणि पाय तसाच धरून ठेव. चिखलात रुततो तसा पाय खाली जाऊ लागला, तर गाडी तिथेच बंद कर. मग कोणी कितीही हसो.

ताईला माझा नमस्कार सांग. तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं लांबण लावलं.
तुझा, हिरूमामा

भिसेगाव
सोमवार, ३ नोव्हेंबर

ती. हिरूमामास सा. न.

तुम्ही सांगितलं तसं करतो आहे, पण या गाडीत काहीतरी भलतंच आहे. बॅटरी पक्की केली, तर पुढच्या रविवारी फ्यूज गायब. जळलेला नाही मामा, गायब! डबीचं झाकण मात्र जागच्या जागी. काल पुढचा टायर बसलेला. पाण्यात बुडवून पाहिला, पंक्चर नाही. व्हॉल्व्हची टोपीसुद्धा नीट लावलेली.

आठवडाभर गाडी शहाण्यासारखी असते. शनिवारी मी कुंभिवलीला कंपनीत पहिल्या पाळीला जातो, आणि रविवारी ती रुसलेली असते. आईने दृष्ट काढली, लिंबू-मिरची बांधली. म्हणाली, “गाडीलाच जायचं नाय, तर तू कशाला वढतोस रं तिला?” मी हसलो, पण लिंबू-मिरची काढली नाही.

आता मी फ्यूज खिशात घेऊन जातो आणि बॉनेटला कुलूप घालतो. ब्रेकचं काम तेवढं राहिलंय, ते शेवटच्या आठवड्यात करीन. तुमच्या मते हे काय असेल?

तुमच्या आशीर्वादाची आता खरंच गरज आहे.
आपला, योगेंद्र

माथेरान
शुक्रवार, ७ नोव्हेंबर

ती. गोदूताईस हिरूचा शि. सा. न.

हे पत्र पोशा तुझ्याच हातात देईल. फळीवर ठेवू नकोस.

ताई, उंदीर वायर कुरतडतो, पण फ्यूज काढून डबीचं झाकण लावत नाही. वारा सोडून व्हॉल्व्हला टोपी घालत नाही. हा उंदीर बांगड्या भरतो, असं मला वाटतं. रागावू नकोस. मी तुझ्या जागी असतो तर मलाही झोप आली नसती.

पण आपल्या आबांना आठव. मी शर्यतीला बैलगाडी पळवू नये म्हणून ते चाक धरून ठेवणारी आसाची खीळ काढून उशाखाली ठेवायचे. मी न बघता जुंपली, चाक निखळलं आणि माझा पाय कायमचा वाकडा झाला. आबांनी पुढे मरेपर्यंत माझ्या पायाकडे पाहिलं नाही. माया करतानाही माणूस चुकतो, ताई. पोराशी सरळ बोल. रड, भांड, आडवी पड दारात, पण लपून काही करू नकोस.

तुझी माया मला ठाऊक आहे, म्हणूनच भीती वाटते.
तुझा, हिरू

भिसेगाव
शनिवार, १५ नोव्हेंबर, दुपार

चि. हिरूस गोदूताईचे अनेक आशीर्वाद.

ओळखलंस ते बरं झालं. व्हय, मीच करते. बोलून काय उपेग नाय रं. बोलले, रडले, जेवण सोडलं. तो मला जवळ घेतो, म्हणतो, आई मी हळू चालवीन. ह्याचा बापबी तेच बोलून गेला होता.

मला गाडीतलं काय कळणार? तुजंच पत्र फळीवर हाय, तेच वाचते. चौथीपर्यंतची शाळा, पण तुजं अक्षर लागतं मला. नट तेवढा पोराला आवळताना बघितला होता, पण डबी कुठं, पुढं काय, सगळं तूच दाखवलंस. तू नसतास तर मी काय केलं असतं?

आबांचं लिवलंस. आबा चुकले, कारण खीळ काढली तरी गाडी चालण्यासारखीच राहिली. मी तशी ठेवत नाय. मी असं करते की गाडी जागची हलतच नाय. म्हणून तुला सांगते, भिऊ नको.

उद्या त्यांचा घाट हाय. फ्यूज त्याच्या खिशात, बॉनेटला कुलूप. पण गाडी लाकडांवर होती, नवं तेल भरून झालेलं, मागचं डावं चाक तेवढं बसवायचं राहिलेलं. मंग तू लिवलेली ती रबराची टोपी काढली, नागूच्या पान्यानं सैल केलं. तेल आलं. टोपी परत घातली, खाली सांडलं त्यावर राख टाकून झाडून घेतलं. चार वाजता तो येईल नि चाक बसवील. आपल्या पंपातलं तेल संपलं की पंप गप्प होतो, तशी उद्या ती गप्प होईल. घाट टळला की मी पुन्यांदा हात लावणार नाय, तुजी आण.

पोशा निघालाय म्हणून आवरते. पायाला जप.
तुजी ताई

माथेरान
रविवार, १६ नोव्हेंबर, सकाळ

योगेंद्र,

गाडी हलवू नकोस. मागच्या डाव्या चाकाचं निप्पल सैल आहे, मला आत्ताच कळलं. हॉटेलातून तुला सारखा फोन लावतो आहोत, वाजतो आणि कोणी उचलत नाही. माझ्या पायाने मोटारी थांबतात त्या दस्तुरीपर्यंत उतरायला दुपार होईल, म्हणून पोशाला पळवतो आहे. सुरू न होणारी गाडी माणसाला घरी ठेवते रे, न थांबणारी ठेवत नाही. निघाला असशील तर देवा, तू अजून सपाटीवर अस.

हिरूमामा

भिसेगाव
सोमवार, १७ नोव्हेंबर

ती. हिरूमामास योगेंद्रचा सा. न. वि. वि.

मी घरी आहे. आधी हे वाचून श्वास घ्या.

पोशा धापा टाकत आला तेव्हा मी ओट्यावर बसलो होतो. सकाळी इंजिन पहिल्या फटक्यात सुरू झालं. आई दारात उभी होती. तो आवाज ऐकून तिचा चेहरा असा काही झाला की मी हाक मारली, आई, काय झालं? मला उशीर झाला होता, फोन आत राहिला होता, बाकीचे चौकात थांबले होते. पण तुम्हाला कबूल केलं होतं म्हणून ब्रेकवर पाय दाबून धरला, आणि तो गेला, मामा. खालीच जात राहिला. तुमची ती सवय मला नसती तर हे पत्र दुसऱ्या कोणी लिहिलं असतं.

चाक उतरवून पाहिलं. निप्पल सैल, टोपी वर नीट घातलेली, जमीन राख टाकून स्वच्छ पुसलेली. बॅटरीचं आधीच झालं होतं, पण पुढे फ्यूज, टायर, ब्रेक; तुमच्या पत्रातल्या क्रमानेच सगळं झालंय. ते पत्र फळीवर येता-जाता वाचतो कोण? नागूकाका. पाने कोणाचे? नागूकाकाचे. परवा शनिवारी घोड्यांचं गवत टेंपोने दस्तुरीला पोचवायला कोण आलं होतं? तिथे तो काहीतरी बरळला असणार, नाहीतर कोणतं चाक ते तुम्हाला कसं कळलं? तुम्ही भिडेपोटी नाव घेत नाही, इतकंच.

ज्याने हे केलं त्याला मी मेलेला हवा होतो. त्याचे पाने कुंपणावरून फेकून दिले. शुक्रवारी सुट्टी काढली आहे, पोलिसांत जाऊन त्याच्या नावाने लिहून देणार आहे.

तुमच्यामुळे जगलो, हे कायम लक्षात राहील.
आपला, योगेंद्र

भिसेगाव
गुरुवार, २० नोव्हेंबर

चि. हिरूस गोदूताईचे आशीर्वाद.

योगेंद्रचं पत्र पोशाची वाट बघत फळीवर पडलंय. रीतीप्रमाणं मी वाचलं. ज्याने हे केलं त्याला मी मेलेला हवा होतो, असं त्यात हाय. ती ओळ मी माज्या पोराच्या अक्षरात वाचली, हिरू. मंग चुलीपाशी जाऊन बसले.

इंजिन सुरू झालं तेव्हाच मला कळलं, ते तेल चालायचं नव्हतं, थांबायचं होतं. वरडायला गेले, तर तोंडातून शब्द निघाला नाय. आबांच्या उशाखाली खीळ होती नि माज्या हाताला तेल, येवढाच फरक.

नागू आता आमच्या दारावरून मान खाली घालून जातो. ह्यांना घाटातून वर आणलं ते त्यानं, खांद्यावर. उद्या त्याच्या नावानं पोलिसांत लिवणार. काल पोरानं पडवीत कॅमेरा लावला. म्हणाला, आई, आता कोण येतो ते दिसेल, तू निर्धास्त झोप. मी दिवसभर त्याच्याखालून जाते-येते. राख बघितली त्यानं, हिरू. आपल्या घरात राखेनं कोण झाडतं, ते त्याच्या मनातसुद्धा आलं नाय.

हे पत्र मी पोशाला देणार नाय. फळीवर उघडं ठेवते. चार वाजता तो येतो, हात धुतो नि आधी फळी बघतो.

त्याचा लोभ माज्यावर राहील की नाय, ठाऊक नाय. तू तुजा ठेव.
तुजी ताई, गोदू