आधी आबा

रवि. ५ जाने.

सासुरवाडीहून, भवानीनगरहून, आत्ता परत बारामतीत. रस्त्यात उसाची ट्रॉली कलंडलेली, तिथंच तासभर. डोकं आधीच फिरलेलं होतं.

यानांच्या लढाईच्या खेळाचे आजचे नियम भिकार. निवडले मीच. पुस्तकावर लिहिलेलं, ‘खऱ्या भौतिकशास्त्रावर आधारित’. मी पडलो ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवणारा, भाळलो. यान एकदा सुटलं की त्याच वेगानं जात राहणार, थांबवायचं तर उलट जोर लावायचा. आबांचं सगळ्यात मोठं जहाज, ‘बॉयलर’, दुसऱ्याच फेरीत मल्चिंग पेपरवरून सुटलं ते थेट कॉटखाली. शेतात वाफ्यावर अंथरतात तो काळा मल्चिंग पेपर म्हणजे आमचं अंतराळ. तिथं अंतराळ संपतं. मग सासरे गुडघे धरून कॉटखाली वाकलेत आणि जावई त्यांना संवेगाचा नियम समजावून सांगतोय, असा देखावा.

आबा हरले. पुन्हा.

सोम. ६

सु. भडकली. “माझ्या वडलांना एखाद्या वेळी जिंकू द्यायला तुमचं काय जातं?”

कसं सांगू. मुद्दाम हरलेलं त्यांना कळतं. दिवाळीत एकदा करून बघितलं तर आठवडाभर फोन घेतला नव्हता.

आणि हा खेळ बंद पडून चालणार नाही. सासूबाई गेल्यावर आबा कुणाशी धड बोलत नव्हते. माझी ती छोटी जहाजं बघून एक दिवस स्वतःच ठिबकचे जॉइनर, एंड कॅपा, मोडके व्हॉल्व्ह घेऊन बसले आणि अख्खा ताफा उभा केला. चंदेरी रंग दिला. कारखान्यात जन्मभर फिटर, हात स्वस्थ बसत नाहीत. तेव्हापासून रविवार म्हणजे लढाई.

मला हवंय ते एवढंच. सिनेमातल्यासारखी लढाई. जहाजं झपकन वळावीत, एकमेकांच्या मागं लागावीत, फुटावीत. नियम थोडके. चहाच्या आत निकाल. हे लिहायला जगात कुणाला जमू नये?

गुरु. ९

इंटरनेटवर नियमांची रद्दी अमाप. प्रत्येकाचं म्हणणं आपलेच खरे सिनेमॅटिक. एकात जहाजाची ढाल किती ते आकड्यांची बेरीज करून, एकात वर्गमूळ. वर्गमूळ काढत कोण कुणाला उडवणार. शेवटी पत्त्यांचे नियम उतरवून घेतले. प्रत्येक कप्तानाचा एक पत्ता, पत्त्यावर त्याची करामत.

रवि. १२

पत्तेही बाद. सगळं इंग्रजीत, अक्षर मुंगीएवढं. मी मराठी करून चिकटवलेले कागद पंख्यानं उडाले. आबा चष्मा वर-खाली करत दर वेळी विचारणार, “ह्यो कप्तान आपला का तुमचा?” तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी जरा चढ्या आवाजात बोललो. वाईट वाटलं. सुरुवात त्यांनीच केली होती, नेहमीप्रमाणे, आणि हरलेही नेहमीप्रमाणे.

जहाजं डब्यात भरताना म्हणाले, “पाव्हणं, माझं डोकं चालंना झालंय.”

मी म्हटलं, नियमच वाईट आहेत.

“गेल्या बारीला बी नियमच वाईट हुतं. परवा दूध उतू गेलं. मी शेगडीपशी हुबा हुतो.”

स्कूटरची किल्ली त्यांनी नितीनला देऊन टाकली म्हणे. नितीन माझा मेहुणा, तिथंच आबांसोबत राहतो. त्यानं मला बाहेर गाठलं. “दाजी, आमच्या मोठ्या चुलत्यांचं असंच सुरू झालतं. पुढं घरातल्या माणसांला वळखत न्हवते. आबांला तेचंच भ्या हाय.”

म्हणजे आमचा खेळ हा आता त्यांच्या डोक्याची परीक्षा झालाय, आणि मी त्यांना दर रविवारी नापास करतोय.

बुध. १५

तिळगूळ खाऊन घसा धरला. तिसरे नियम सापडले. सुटसुटीत. एका बाजूनं आपली सगळी जहाजं हलवायची, मग दुसरीनं, मग गोळीबार. जहाजाच्या शेपटीत बसलात तर मारा दुप्पट. हेच. हेच हवं होतं.

रवि. १९

नियम झकास. नितीनसुद्धा येऊन बसला. बॉयलर फुटलं तेव्हा त्यानं तोंडानं आवाज काढला.

फुटलं बॉयलरच. आबा हरले, आणि या वेळी नियमांवर ढकलायचीही सोय नाही.

शांतपणे म्हणाले, “पुढच्या रविवारी शेवटचं खेळू. मंग ह्या नितीनचं ऐकतो.” नितीन कधीपासून पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडं चला म्हणतोय. त्यानं तिथंच मोबाइलवरून ऑनलाइन नंबर लावला. ४ फेब्रु.

येताना सु. नं गाडीत मलाच धारेवर धरलं. मी काय केलंय?

बुध. २२

लॅब रिकामी होती. टेबलावर खडूचे तुकडे मांडले आणि एकटाच दोन्ही बाजूंनी खेळलो. बघावं म्हटलं आबा नेमकं चुकतात कुठं.

कुठंच चुकत नाहीत. ज्या बाजूला आधी हलवलं ती बाजू हरली. बाजू बदलून पाहिलं, आधी हलवणारीच हरली. परत खेळलो. तेच.

अर्थात तेच. आधी जाणारा आपली जहाजं उघड्यावर मांडून बसतो, मागून येणारा बघून त्याच्या शेपटीत शिरतो. म्हणून पुस्तकात लिहिलंय की आधी कुणी हलवायचं ते दर फेरीला फासा टाकून ठरवा. तिन्ही पुस्तकांत. आम्ही तेवढाच नियम गाळत आलो. समोर आबा बसलेत आणि आधी कोण यासाठी फासा? पंगतीत करतात का असं? आधी आबा. त्यांचा मान. मी एकदाही विचार केला नाही, नितीननं केला नाही, खुद्द आबांनी केला नाही. इतके दिवस आम्ही त्यांना मान देऊन देऊन मारलं.

बारावीची दोन पोरं दारात उभी राहून बघत होती. सर खडूंशी बोलतायत. जाऊ दे.

गुरु. २३

सु. म्हणते, सांगू नका. “वर्षभर चुकीचं खेळवलं असं वाटेल त्यांना. या वेळी तुम्हीच आधी हलवा, विषय संपला.”

नितीन फोनवर म्हणाला, सांगून टाका.

सख्खी बहीण-भावंडं ही. एकमेकांना फोन करून एक काय ते ठरवायला हवं की नाही? नाही. दोघंही मलाच.

रवि. २६

सकाळी कॉलेजात झेंडा, मग जिलेबी घेऊन भवानीनगर.

सु. चं ऐकलं. चूक झाली.

मी म्हटलं, आबा, आज मी आधी हलवतो. ते बघतच राहिले. “का? जावयाचा मान म्हून का?” म्हटलं हो. तसंही जावई आहेच की. मग त्यांनी खेळायला घेतलं आणि काय खेळले. बॉयलर माझ्या मोठ्या जहाजामागं असं लागलं की मला पळता भुई थोडी. साफ हरलो. अगदी खराखुरा हरलो.

नितीननं टाळ्या वाजवल्या. आबांचा चेहरा मात्र उतरलेला.

“न्हाय म्हंजी, तुमी चांगल्यासाठीच केलं आसंल,” म्हणाले. “पर मला येवढं बी कळत न्हाय व्हय? कदी न्हाय ते आज आधी हलवता, आन आजच हरता.”

मग सगळं सांगितलं. फासा, शेपटी, खडू. ऐकून घेतलं. विश्वास बसला नाही. बसणार कसा, हरल्यावर जावई आला सिद्धांत घेऊन. मी पट्टी काढून दाखवायला लागलो तर सु. नं हात धरला. माझ्याच घरचे लोक मला खोटारडा समजतायत आणि मी एकदाच काय तो खरा हरलेलो.

निघताना आबा म्हणाले, “डबा हितंच ऱ्हाऊ द्या. पेपर बी. माझा मी बगतो.”

बुध. २९

नितीनचा फोन. आबा दोन दिवस एकटेच खेळतायत, कधी पेपरच्या या बाजूला बसून तर कधी त्या. दूधवाल्याशी बोलेनात. “जेवाया उठवावं लागतंय,” म्हणाला. मी म्हटलं खेळू दे.

प्रॅक्टिकलच्या याद्या तीनदा बदलून आल्या. कुणाला काही सुधरत नाही.

रवि. २ फेब्रु.

प्रॅक्टिकलच्या तयारीमुळं आज भवानीनगर नाही. पण सकाळी आबांचाच फोन.

“पाव्हणं, जय भीम. घावलं. आधी हलवतो त्यो मरतो. दोनी बाजूनं खेळून बगितलं, शंबर टक्के. डोकं ठीक हाय माझं.”

आवाज असा की सासूबाई असतानाचे आबा. मी म्हटलं, मग, सांगत नव्हतो का? हसले. “तुमी सांगितलं हुतं व्हय, तवा पटलं न्हाय.” पुढच्या रविवारी फासा टाकायचा, मान-बिन काही नाही, ठरलं. सु. नं फोन ओढून घेतला आणि रडायलाच लागली. मग शिरा केला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला या खेळाबद्दल घरात कुणी चांगलं बोललं.

अकराला नितीन. “दाजी, आबा म्हणत्यात डॉक्टरचा नंबर रद्द कर. करू का?” मी म्हटलं कर. रद्द करायला फोनच लागतो, उद्या सकाळी दवाखाना उघडला की करतो म्हणाला.

दुपारी सु. झोपली होती. परत आबा.

“पाव्हणं, जय भीम. घावलं. आधी हलवतो त्यो मरतो. दोनी बाजूनं खेळून बगितलं.”

मला वाटलं चेष्टा करतायत. पण ते बोलतच राहिले, तोच आनंद, तीच वाक्यं. डोकं ठीक हाय माझं. मी म्हटलं, काय सांगता आबा. म्हटलं, कमाल केलीत. पुढच्या रविवारी फासा टाकायचा, हेही परत ठरलं.

आनंदात माणूस एकच गोष्ट दोनदा सांगतो. मी वर्गात रोज सांगतो.

सु. उठली, विचारलं, कुणाचा फोन होता. आबांचा, म्हटलं. “काय म्हणत होते?” खेळाचंच.

शिरा अजून उरलाय. नितीनला उद्या दवाखाना उघडायच्या आत फोन करायला हवा. काय सांगू.