अमावास्येची गाडी

३ डिसेंबर, बुधवार

ड्रायव्हिंग स्कूलवाल्याचा फोन. त्यांच्या ट्रकचं फिटनेस सर्टिफिकेट संपलं. नवीन कधी होईल, सांगता येत नाही. परीक्षेला गाडी आपली आपण आणायची. रेखा फोनवर फक्त "बरं" म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आता ट्रक शोधा."

परीक्षा एकोणीसला. तिचं लर्निंग लायसन्स बावीसला संपतं, म्हणजे पुन्हा तारीख मिळणार नाही. रेखा ज्या शाळेची व्हॅन चालवते, ती शाळा जानेवारीत व्हॅन विकून मोठी बस घेते आहे. हेवी लायसन्स असेल तर बस रेखाकडे. नाहीतर बाहेरचा ड्रायव्हर येणार आणि रेखा घरी.

फिटनेस नेमकं आत्ताच कसं संपतं? परवापर्यंत तर त्याच ट्रकवर शिकवत होता.

५ डिसेंबर, शुक्रवार

अक्कलकोट रोड एमआयडीसी. श्रीनिवास, जुना विद्यार्थी, आता टॉवेलचा कारखाना. "सर, तुम्ही म्हणाल तेव्हा गाडी." माझं वाक्य पूर्ण होण्याआधीच हो म्हणाला. गाडी दाखवली. सहाचाकी, धुतलेली. ड्रायव्हर बाजूला उभा राहून हसत होता. कशाला, कळलं नाही.

घरी सांगितलं, क्लच कडक वाटतो.

"तुम्ही दाबून बघितला?"

मला स्कूटरसुद्धा धड येत नाही, हे तिला माहीत आहे.

८ डिसेंबर, सोमवार

स्टाफरूम. भूगोलाचे सर सगळ्यांसमोर : "काय सर, मॅडम ट्रकवर चालल्या म्हणे. मग तुम्ही क्लीनर का?" हशा. मीही हसलो.

दोन तास शिकवले. काय शिकवलं, आठवत नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

मंगळवेढा, एसटीने. रेखाच्या मावसभावाच्या ओळखीचा ज्वारीचा व्यापारी. विमा, परमिट, फिटनेस, सगळी कागदं न मागता समोर ठेवली. न मागता कोण दाखवतं? ट्रकची पुढची नंबरप्लेट नवी, मागची जुनी. जेवून जा म्हणाला. थांबलो नाही.

रेखाला नंबरप्लेटचं सांगितलं. ती कणीक मळत होती.

"वाकली असेल की पुढची. बदलली असेल."

मी म्हटलं, असेलही. नसेलही.

तिने हात थांबवला. "एक विचारू? तुम्हाला गाडी सापडत नाही, की सापडू द्यायची नाही?"

११ डिसेंबर, गुरुवार

गाडी रेखानेच शोधली. मागच्या गल्लीतले सिद्रामप्पा, भुसार व्यापारी. त्यांचा ट्रक एरवी कधी रिकामा नसतो. एकोणीसला आहे, कारण त्या दिवशी अमावास्या. अमावास्येला ते माल भरत नाहीत. पूजा करून ट्रक दारात उभा ठेवतात.

"आता हिच्यात काय खोट काढता बघू," रेखा म्हणाली.

कॅलेंडर पाहिलं. साधी अमावास्या नाही, वेळ अमावास्या. त्या दिवशी शेतीवाले लोक भज्जीची मिश्र भाजी आणि आंबील घेऊन घरदार शेतात जेवायला जातात. सिद्रामप्पा शेत सोडून आरटीओच्या मैदानावर कशाला येतील?

१३ डिसेंबर, शनिवार

सरळ विचारावं म्हणून दुकानात गेलो. विचारता आलं नाही. हरभऱ्याची डाळ मागितली. डाळ तोलता तोलता तेच म्हणाले, "सर, काल गाडीभोवती लई फिरत होता. टायर मोजलं काय? सहाच हायत." गिऱ्हाइकं हसली.

मग आवाज उतरवून : "नात माझी बाईंच्या व्हॅनमदनं जाती. पोरगी सोडताना बाई गाडी बंद करून खाली उतरत्यात. पोरगी दारात गेल्यावरच निघत्यात. आनि काय पायजे?"

एक अट घातली. पूजा झाल्यावर केबिनमध्ये पायताण चालत नाही. "बाईंना सांगितलंय तसं. आमची मालकीन बोलायलीय मला, अवसेची गाडी हलवतोय म्हनून. बोलू दे."

एवढंच कारण? एवढ्याशा कारणासाठी माणूस घरची रीत मोडतो?

डाळ जुनी निघाली नाही. पाहिली.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी माल भरण्याआधी रेखा ट्रक चालवून बघते. सिद्रामप्पांचा ड्रायव्हर शेजारी बसतो. त्या दिवशी अनवाणी चालवायचं आहे म्हणून आत्तापासून अनवाणीच. पायाला क्लच कळतो, म्हणते.

आज रिव्हर्स घेताना मला मागे उभं केलं, हात दाखवायला. मी हात दाखवत होतो, ती आरशात बघत होती. खाली उतरली.

"तुमचा हात एकदा ये म्हणतो, एकदा थांब म्हणतो."

ड्रायव्हर टायरकडे बघत राहिला. हसू दाबत असावा.

१८ डिसेंबर, गुरुवार

कॉलेज सुटल्यावर आरटीओ. कोणाला सांगितलं नाही. बुटांबद्दल कुठे पाटी नाही. चहावाल्याला विचारलं. तो म्हणाला, त्या दिवशी जे साहेब असतील त्यांच्यावर. म्हणजे उद्याचे साहेब बूट मागणार.

रेखाचे काळे बूट पुसले, कापडी पिशवीत घातले. तिला बोललो नाही. म्हणाली असती, झाल्या का पुन्हा सुरू तुमच्या शंका.

हेच कारण असावं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

सकाळी पूजा. नारळ, चाकांखाली लिंबं, पुढे झेंडूचा हार. सिद्रामप्पांच्या घरचे रिक्षाने शेताकडे गेले. त्यांची बायको आमच्याकडे न बघता बसली. रेखाने चपला त्यांच्या ओट्याखाली सोडल्या आणि वर चढली.

मैदानाच्या फाटकाशी मी आणि सिद्रामप्पा. आत फक्त परीक्षेची गाडी. रेखाचा नंबर आला. साहेब केबिनपाशी गेले, वाकून तिच्या पायांकडे पाहिलं, काही बोलले. शिपाई फाटकाशी आला.

"बाईंचं पायातलं कुणाकडं हाय? साहेब म्हणतेत, बूट घाला, न्हायतर उतरा."

पिशवी माझ्या हातात. बुटाचं टोक बाहेर दिसत होतं. मी सिद्रामप्पांकडे पाहिलं. त्यांची अट होती.

"द्या की सर," ते म्हणाले. "देव समजून घेतोय."

त्यानंतरही मी उभा होतो.

शिपायाने पुन्हा विचारलं. सिद्रामप्पा आता माझ्याकडे बघत होते. गाडीभोवती फिरताना मी कसा दिसलो असेन, ते कळलं.

पिशवी दिली.

पहिल्याच झटक्याला ट्रक बंद पडला. मग सुरू झाला. भिंतीमागे गेला तेव्हा नुसता टप दिसत होता. मागे येतानाचा आवाज. थांबला. पुन्हा मागे. कोणी हात दाखवत होतं की नाही, दिसलं नाही.

रेखा बूट हातात घेऊन उतरली. साहेब कागदावर लिहीत राहिले. निकाल मोबाइलवर येतो.

संध्याकाळी सिद्रामप्पांच्या बायकोने भज्जीचा डबा पाठवला. रेखा जेवली. मी वास घेऊन पाहिला, मग जेवलो.

२० डिसेंबर, शनिवार

मेसेज नाही.

दुपारी रेखा समोर येऊन बसली. "बूट तुमच्याकडे कसे?"

"वाटलं, लागतील."

"कधी वाटलं?"

"परवा."

"तेव्हाच सांगायचं की. बुटात एक चक्कर मारून बघितली असती."

मी वही उघडली. ती म्हणाली, "शिपायाला दोनदा विचारावं लागलं म्हणे." विचारल्यासारखं नाही. सांगितल्यासारखं.

तिने मोबाइल आमच्या मधोमध ठेवला आहे. मी वहीत लिहितो आहे, ती मटार सोलते आहे. वाजला, तर ती आधी मोबाइलकडे बघणार नाही. माझ्या तोंडाकडे बघेल.