गुंजन हार घालणार नाही

शहापूर, जि. भंडारा
मंगळवार, दि. १७ जून २०२५

तीर्थस्वरूप दादास,

हर्षाचा नमस्कार. साष्टांग लिहीत नाही, कारण कंबर दुखते आणि सध्या तुझ्यावर रागही आहे. वहिनीला नमस्कार, मुलांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता त्यांना माझ्या पोळ्यांमधले दोष अगदी स्वच्छ दिसतात.

तू हसशील. तुमच्या जवाहरनगरच्या फॅक्टरीची बस आमच्या फाट्यावरून रोज जाते, आणि मी तुला पोस्टाने पत्र पाठवते आहे. मग करू काय? फोन केला की तू ड्युटीवर असतोस. ड्युटी नसली की वहिनी सांगते, झोपले आहेत. ग्रुपवर लिहिलं की तू अंगठ्याचं चित्र टाकतोस आणि मोकळा होतोस. पत्राला निदान तसलं काही चिकटवता येत नाही. तेव्हा चहा घे, चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच घडी घालून खिशात टाकू नकोस.

आधी संघाचं रडगाणं. माजी विद्यार्थी संघाचा अध्यक्ष सचिन, उपाध्यक्ष तू आणि सचिव मी, कारण म्हणे माझं अक्षर चांगलं. तुम्ही दोघं स्टेजवर बसता, मी सतरंज्या मोजते. आपल्या गावच्या शाळेत वर्गखोल्या सहा आणि पंखे एकोणीस झाले आहेत. प्रत्येक पात्यावर कुणाच्या तरी आईवडिलांचं नाव. गोलू पेंटरला नावाआधी 'स्व.' लिहायची इतकी सवय जडली की त्याने सचिनच्या सासऱ्यांच्या नावाआधीही ते लिहून टाकलं. त्या भल्या माणसाने मलाच फोन केला, "मी कवा मेलो वो बाई?" मागच्या बॅचने थंड पाण्याची मशीन दिली, फीत कापली, पेढे वाटले. नळ कोणी जोडायचा ते ठरलंच नाही, म्हणून आता त्यात खडूचे डबे ठेवतात. आणि मुलींच्या संडासाला चार महिने कडी नव्हती. एक मुलगी आत जायची, दुसरी बाहेरून दार धरून उभी राहायची. मी तीनदा ग्रुपवर टाकलं. कडी द्यायला कोणी तयार झालं नाही, कारण कडीवर नाव मावत नाही. शेवटी मीच तुमसरच्या बाजारातून आणली आणि दगडाने ठोकून बसवली.

असो. हे सगळं तुला माहीत आहे आणि तुला त्याचं काही वाटत नाही, हेही मला माहीत आहे. पत्र दुसऱ्याच कारणासाठी आहे.

बाबांच्या नावाची शिष्यवृत्ती तू सुरू केलीस, चांगलं केलंस. यंदा बारावीत शाळेतून पहिली आली ती गुंजन. उर्वशीची मुलगी. उर्वशी म्हणजे तीच, शाळेत खिचडी शिजवते ती, सातवीपर्यंत माझ्या बाकावर बसायची ती. पोरीला भंडाऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात जागा मिळाली आहे. फी तीस तारखेच्या आत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्याला जाईल. कमिटीत एकमताने तिचं नाव झालं. मी स्वतः पत्र घेऊन तिच्या घरी गेले. गुंजन खूश झाली. मग तिने अटी वाचल्या. अटी तुझ्या. विद्यार्थ्याने कार्यक्रमाला हजर राहावे, गुरुजींच्या, म्हणजे बाबांच्या, फोटोला हार घालावा आणि त्यांच्या उपकारांविषयी दोन शब्द बोलावेत.

उर्वशी परातीत तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माही पोरगी त्या मास्तरच्या फोटोले हार नाई घालन. पैसे नका देऊ, चालते."

मी म्हटलं, "पोरीचं नुकसान होईल उर्वशी."

"माहं नाई झालं का?"

मी उठून आले. सचिनला सांगितलं की हाराची अट काढा. तो म्हणाला, "ताई, फोटो नाई निघाला तं पुढच्या साली दाता काहून देईन?" आणि त्याने तोडगा काढला की दुसरी आलेल्या मनालीला द्या. मनालीच्या बापाची हार्डवेअरची दोन दुकानं आहेत दादा! त्या दुकानात कड्यासुद्धा मिळतात.

मग ग्रुपवर तुझा निर्णय आला. एरवी अंगठा टाकणारा माणूस, त्या दिवशी तू चांगल्या सात ओळी लिहिल्यास. 'नियम म्हणजे नियम. हिचा आजा इश्वर पिऊन शाळेच्या छपरावर, कवेलूवर चढला आणि पडला. त्यात गुरुजींचा काय दोष? दारुड्याच्या घरात एवढा ताठा शोभत नाही.' दोनशे बारा माणसांचा ग्रुप आहे तो. त्यात गुंजनचा मामा आहे, तिच्या दोन मास्तरीणबाई आहेत. तासाभरात ते गुंजनच्या फोनवर पोचलं, आणि गुंजनने ते आईला वाचून दाखवलं.

दादा, इश्वरकाका प्यायलेले नव्हते.

हे एक वाक्य लिहायला मला परवापासून आजचा दिवस लागला. मधे पापड लाटून झाले, कपाट आवरून झालं, संघाच्या निमंत्रणपत्रिकांवर सगळ्यांचे पत्ते लिहून झाले. वरची दीड पानंही मी बहुतेक तेवढ्यासाठीच लिहिली. आता पुढचं एका दमात लिहिते.

तू तेव्हा नागपूरला आयटीआयला होतास. तुला जे माहीत आहे ते बाबांनी सांगितलेलं. एकोणनव्वद सालचा जून होता. तेव्हा शाळेची डागडुजी कोणाच्या देणगीने होत नव्हती. पावसाळ्याआधी कवेलू फेरायला, फुटके बदलायला घरटी एक माणूस यायचा, वर्ग सारवायला बाया यायच्या. गावात कोणी नाही म्हणत नसे, कारण हेडमास्तरांचा निरोप म्हणजे हुकूमच. त्या वर्षी सातवीच्या वर्गात गळत होतं आणि शाळा उघडायला दोन दिवस होते. बाबांनी मला उर्वशीकडे पाठवलं, "तुझ्या मैत्रिणीच्या बापाला म्हणावं, तेवढं छत बघून जा." इश्वरकाकांसारखा कवेलू फेरणारा आसपासच्या गावात दुसरा नव्हता.

मी गेले. इश्वरकाका अंगणात नांगराचं काही तासत होते. म्हणाले, "बेटा, मास्तरले सांगजो, कवेलू ओले हायेत. पाय ठरत नाई. उद्या ऊन पडलं का येतो."

त्यांचं घर तलावाच्या पाळीपलीकडे, हे तुला आठवतं ना? घरी जायचं, बाबांना हे सांगायचं, बाबा चिडणार, परत पाठवणार. आणि उर्वशीने सागरगोट्यांचा डाव मांडला होता. मी घरी गेलेच नाही. पाळीच्या वडापर्यंत जाऊन परत आले आणि काकांना सांगितलं, "बाबा म्हणतात आजच या. उद्या चालणार नाही."

बाबा असं म्हणाले नव्हते. ते मी म्हटलं.

काकांनी हातातला वाकस खाली ठेवला, खांद्यावर दुपट्टा टाकला आणि गेले. आम्ही दोघी डाव खेळत बसलो. मी जिंकत होते, तेवढ्यात कोणीतरी ओरडत आलं. पाठीचा मणका गेला होता. त्यानंतर ते अकरा वर्षं खाटेवर होते. उर्वशीचं नाव आठवीच्या हजेरीत आलंच नाही. आईबरोबर धानाच्या रोवणीला जायला लागली. माझ्यापेक्षा हुशार होती रे ती. गणितात मी तिच्याच पाटीत डोकावायची.

त्या संध्याकाळी बाबांनी मला आतल्या खोलीत नेलं आणि विचारलं, "मी तर एकदाच निरोप पाठवला होता. तो म्हणतो, मास्तरने दुसऱ्यांदा बोलावलं. तू काय सांगितलंस?" मी सगळं सांगितलं. मला वाटलं, मारतील. त्यांनी मारलं नाही. उठून दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "हे कोणाला सांगू नकोस. आईलासुद्धा नाही." दुसऱ्या दिवशी पंचांसमोर ते म्हणाले की मी त्याला त्या दिवशी बोलावलं नव्हतं, तो पिऊन आपल्या मनाने चढला. हेडमास्तर म्हणाले म्हणजे खरंच. इश्वरकाका खाटेवरून सांगत राहिले की निरोप आला होता, पण एकदा दारुड्या ठरलेल्याचं कोण ऐकतं? उर्वशीला तिच्या बापाचं खरं वाटलं. म्हणजे मास्तरनेच ओल्या कवेलूवर चढवलं आणि मग अंग झाडलं. निरोप घेऊन मीच गेले होते हे तिला माहीत होतं, पण मी तर मास्तरची नुसती निरोप्या. माझ्यावर तिने कधी राग धरला नाही. गेल्या वर्षी माझ्या मुलीच्या लग्नात पाचशे पानांच्या पंगतीचा भात तिने शिजवला आणि मजुरी घेतली नाही.

तू शाळेवरचे कवेलू उतरवून टिन टाकलेस तेव्हा मी चहा न घेता निघून आले, आणि तू वहिनीला म्हणालास की हर्षाला माझं चांगलं बघवत नाही. आता समजलं असेल. खाली कवेलूंचा ढीग पडला होता आणि मला तिथे उभं राहवत नव्हतं.

तुझा मेसेज आला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी उर्वशीकडे गेले आणि तिला सगळं सांगितलं. चूल पेटलेली होती, गुंजन दारात उभी होती. मी सांगत होते तोवर उर्वशी भाकर थापत राहिली. थापलेली भाकर तव्यावर टाकायची विसरली. मग म्हणाली, "म्हणजे छत्तीस वर्ष मी चुकीच्या माणसाले शिव्या देल्या?"

मी म्हटलं, "निम्म्या चुकीच्या. पिऊन चढले हे बाबाच बोलले."

"तुले वाचवाले."

"हो."

"आन् माह्या बापाले कोन वाचवन? मरेपर्यंत मनत होता, उर्वशी, मी पेलो नोहतो वो. शेवटी शेवटी तं मलेच शंका याले लागली होती." आणि ती रडली. मीही रडले, पण माझ्या रडण्याकडे तिने बघितलं नाही, आणि बरंच केलं.

मी तिला म्हटलं, फी मी भरते, माझ्या बांगड्या आहेत. ती एकदम कडाडली. "तुह्या बांगड्या ठेव तुह्यापाशी. पोरीनं नंबर काढला हाये, तिच्या हक्काचं हाये ते. तिले स्टेजवर बलाव. हार नाई, भाषण नाई. आन् आयक, तुह्या भावानं दोनशे मानसाईत सांगतलं ना का माहा बाप दारुड्या होता? मंग तू बी मानसाईत सांग. माईकवर. तवा माही पोरगी हात पुढं करन."

गुंजन म्हणाली, "आई, राहू दे ना वो."

"नाई राहू देत. लय राहू देल्लं."

आणि मी हो म्हणून आले.

तेव्हा दादा, रविवारी बावीस तारखेला अकरा वाजता, कार्यक्रमाचं प्रास्ताविक झालं की मी माईकवर हे सगळं सांगणार आहे. कमिटीला विचारलेलं नाही. विचारलं तर सचिन म्हणेल की आधी पाहुण्यांचे सत्कार होऊ द्या, आणि सत्कारांना दोन तास लागतील. तू पहिल्या रांगेत बसलेला असशील. तिथे तुला हे पहिल्यांदा कळू नये, एवढ्यासाठी हे पत्र.

तू शिष्यवृत्ती थांबवू शकतोस. पैसा तुझा आहे. तसं केलंस तर मी बांगड्या मोडून संघाच्या नावाने चेक देईन, ते उर्वशीला समजणार नाही आणि तू सांगणार नाहीस, एवढं तरी माझ्यासाठी कर. पण आलास तर चांगलं होईल. आणि ग्रुपवरचा तो मेसेज काढून टाकू नकोस. काढून टाकलेलं सगळ्यांना दिसतंच. त्याच्याखाली लिही, की मी लिहिलं ते खोटं होतं, मला माहीत नव्हतं. तुला खरंच माहीत नव्हतं.

बाबांचा फोटो स्टेजवर असू दे. मी त्याच्याकडे बघून बोलेन, नाहीतर लोकांकडे बघून मला बोलता येणार नाही. त्यांनी आयुष्यात एकच खोटं सांगितलं असेल, आणि ते एका गरीब माणसाच्या अब्रूवर बेतलं. तू त्यांना देव करून ठेवलंस याचा मला इतकी वर्षं राग येत होता. आज कळतं की त्यांना देव करायला मीच तुला मदत केली, गप्प बसून. तू माझा राग कर, दादा. बाबांचा करू नकोस, निदान रविवारपर्यंत तरी.

जिच्यासाठी बाबा खोटं बोलले ती, तुझी धाकटी बहीण,
हर्षा