खुर्चीला अडकवलेली काठी

दिनांक ९ मार्च, सोमवार

थोरलीस,

आशीर्वाद. रागाच्या भरात ते मागे घेण्याची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून ते प्रथम लिहिले.

इकडील सर्व ठीक आहे. तुझ्या आईचा गुडघा थंडी ओसरल्यापासून बरा आहे. जिना चढते, परंतु उतरताना कठडा धरते. धाकट्याची दुसऱ्या शाखेत बदली झाली. त्याला सकाळी लवकर निघावे लागते, सबब सर्व घराला लवकर उठावे लागते, आणि त्याबद्दल सूनबाई माझ्याकडे असे पाहते की जणू बदलीच्या हुकमावर माझी सही आहे. न्हाणीघरातील गळका नळ बदलून घेतला. तुझी आई माझ्याशी मोजकेच बोलते आणि माझे ताट आवाज करून ठेवते. त्याचे कारण तूर्त राहू दे.

हे सर्व फोनवर सांगता आले असते, असे तू म्हणशील. फोनवर तू मध्येच बोलतेस. शिवाय मी रागावलेला आहे, आणि माझ्यासारख्याने रागात लिहिलेलेच बरे. बोलताना माझी भाषा सुटते. लिहिताना ती सुटू नये याची मी काळजी घेतो. शाळा मी चौथीपर्यंत केली. उरलेली भाषा न्यायालयाच्या दाराशी पट्टेवाला म्हणून उभे राहून शिकलो. उभी नोकरी पक्षकारांची नावे पुकारण्यात गेली आणि त्यांपैकी एकाच्याही चहाचा घोट मी घेतला नाही. हे तुला पाठ आहे. लहानपणी माझा पट्टा कमरेला गुंडाळून तू माझी नक्कल करीत असस.

नगरपालिकेच्या पर्यावरण समितीवर मला घेतले, तेव्हा सर्वांत अधिक आनंद तुला झाला होता. बिनपगारी काम, महिन्यातून दोन सभा, वाचनालयाच्या माडीवरची खोली, आणि बसायला खुर्च्या नेहमी कमी. अध्यक्ष निवृत्त डॉक्टर आहेत. त्यांच्याखेरीज एक वकीलबाई, एक वास्तुविशारद आणि आणखी काही शिकलेली मंडळी, त्यांत मी. समितीला दंड करण्याचा अधिकार नाही, परंतु आमच्या शिफारशीवर नगरपालिका नोटीस काढते. उद्दिष्टांचा मसुदा तयार झाला त्या दिवशी मी तो तुला फोनवर वाचून दाखवला होता. ‘पाच वर्षांच्या आत शहरातील एकाही कारखान्याचे न गाळलेले पाणी ओढ्यात जाणार नाही.’ हे वाक्य मी दोनदा वाचले होते. तू म्हणालीस, ‘वा अण्णा, झकास!’ इस्पितळांच्या चादरी धुणारा तुझा स्वतःचा कारखाना त्याच ओढ्याच्या काठी उभा आहे, हे त्या क्षणी आपणा दोघांपैकी कोणीच बोलले नाही.

सदस्यांच्या वर्तनाचे नियम ठरले, तेव्हा दोन कलमे माझ्या आग्रहाने आली. एक असे की, ज्याचे प्रकरण समितीपुढे आहे त्याच्याकडील चहासुद्धा सदस्याने घेऊ नये. वास्तुविशारद हसले. ‘काका, एका कपावर कोण हो विकलं जातं?’ मी म्हणालो, ‘कोणीच नाही. एका कपावर ओळख होते. पुढचे काम ओळख करते.’ दुसरे कलम असे की, नातेवाइकाचे प्रकरण निघाल्यास सदस्याने चर्चेत बोलू नये, मत देऊ नये आणि खोलीबाहेर जावे. त्याला कोणी हसले नाही.

मग तुझे प्रकरण निघाले.

सभेच्या आदल्या रविवारी तू आलीस. आईसाठी सफरचंदे आणलीस. निघताना, चपला पायात सरकवीत, माझ्याकडे न पाहता म्हणालीस, ‘अण्णा, मी काही मागत नाहीये हं. फक्त तुम्ही तिथे आहात, एवढं त्यांच्या लक्षात राहू दे.’ मी म्हणालो, ‘मी तेथे नसेन. मी बाहेर बसेन.’ त्यावर तू हसलीस आणि म्हणालीस, ‘तेच हो.’

तुझ्या त्या ‘तेच हो’ने माझ्या डोक्यात आजपर्यंत घर केले आहे.

सभेत तुझ्या कारखान्याचे नाव वाचले गेले, तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, ‘अध्यक्ष महाशय, पुढील प्रकरण माझ्या कन्येचे असल्याने मी कलमानुसार बाहेर जात आहे.’ माझी काठी मी खुर्चीच्या पाठीला अडकवून ठेवली. कारण सांगतो. कोणी उठले की आमच्या चिटणीसबाई ती खुर्ची उचलून पाहुण्यांना देतात, आणि परत आलेला सदस्य खिडकीच्या कट्ट्यावर बसतो. न्यायालयात स्टूल सोडताना मीही त्यावर टोपी ठेवून जात असे. टोपी असली की कोणी बसत नसे. दुसरे कारणही लिहितो. त्या प्रसंगी काठीवाचून, ताठ चालत बाहेर जावे असे मला वाटले. सर्वजण पाहत होते. त्या चालण्याचा मला अभिमान वाटत होता, हे लिहिताना आज माझे कान तापत आहेत.

बाहेरच्या बाकावर मी नीट टेकलोही नाही तोच आत बोलावणे आले. पुढचे प्रकरण पुलाजवळच्या रंगाऱ्याचे होते. त्याच्या दोन हौद आणि एक भट्टी एवढ्या पसाऱ्याचे रंगीत पाणी ओढ्यात जाते, असे तपासनिसाने सांगितले. नोटीस काढावी, असा ठराव आला. मी हात वर केला. सर्वांच्या आधी केला.

सभा संपल्यावर डॉक्टरांनी जिन्यात माझा खांदा थोपटला.

‘काका, निश्चिंत राहा. लेकीचं प्रकरण बेमुदत पुढं ढकललंय.’

‘का?’

‘आता का काय? काठी पाहिली ना आम्ही! वकीलबाईच म्हणाल्या, काका स्वतः बाहेर गेलेत पण काठी आत बसवून गेलेत. म्हणजे काय ते आपण समजून घ्यायचं. एवढं कळतं हो आम्हाला.’

थोरली, ती शिकलेली माणसे आहेत. वकीलबाईंच्या तोंडी कायद्याची कलमे खळखळत असतात. त्या सर्वांनी मिळून एका लाकडी काठीला माझे मत समजले, आणि तिचा मान राखला! बोलून मागितले असते तर त्यांनी मला नकार दिला असता, याची मला खात्री आहे. न बोलता मागितले असे त्यांना वाटले, म्हणून त्यांनी ते आनंदाने दिले, आणि वर आपल्या समजूतदारपणाचे कौतुकही केले. मी आयुष्यात इतका नीट कधी बाहेर गेलो नव्हतो, आणि इतका पुरता आत कधी राहिलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुझा गाडीवाला माझे चार शर्ट घेऊन आला. ते मी तुझ्याकडे दिले नव्हते. तुझ्या आईने परस्पर दिले असावेत. धुतलेले, खळ घातलेले, उभे केले तर उभे राहतील असे. सोबत तुझी चिठ्ठी: ‘थँक यू अण्णा. तुम्ही आहात म्हणून!’ ते शर्ट मी घडी न मोडता त्याच गाडीतून परत पाठवले. त्याचा तुला राग आला असेल. यावा.

त्याच दिवशी पुलावर रंगारी भेटला. बरोबर त्याची बायको होती. त्याने हात जोडले. इतक्या नम्रपणे की मला तेव्हाच समजायला हवे होते.

‘काका, नोटीस येणार म्हणे आम्हाला.’

‘नियमाप्रमाणे येईल.’

‘यावीच. माझ्या पाण्याला रंग आहे ना, लांबून दिसतं. ताईंच्या पाण्याला नुसता फेस. फेसाचं काय, वारा आला की उडून जातो.’

त्याची बायको त्याच्या बाहीला धरून ओढू लागली. ‘अहो, चला ना. त्यांना काय सांगत बसलात? आपल्या घरात समितीवरचं म्हातारं नाही, चूक आपलीच.’

लोकांच्या शिव्या मी पुष्कळ खाल्ल्या आहेत. खटला हरलेला माणूस न्यायाधीशाला काही म्हणू शकत नाही. तो दारातल्या पट्टेवाल्याला म्हणतो. त्याने मला कधी काही झाले नाही. त्या बाईने शिवी दिली नाही. तिने जे होते ते सांगितले, आणि मी पुलाच्या कठड्यावरून वाकून पाहिले. खाली तुझा फेस वाहत होता. पुलाच्या खांबाशी तो साचून राहिला होता, पांढरा, गुडघाभर उंच.

तेथून मी तडक डॉक्टरांच्या घरी गेलो. रागाने मला धाप लागली होती. म्हणालो, माझ्या मुलीचे प्रकरण पुढच्या सभेपुढे ठेवा.

‘काका, डोकं शांत ठेवा. स्वतःच्या मुलीला नोटीस काढा म्हणताय?’

‘प्रकरण ठेवा म्हणतो. निर्णय समितीने करावा. काठीने नव्हे.’

‘पण तुम्ही सदस्य. नातेवाइकाच्या प्रकरणात तुम्हाला एक शब्द बोलता येत नाही. तुमचंच कलम!’ असे म्हणून ते मनापासून हसले.

तेवढ्यात आतून चहा आला. मी कप उचलला नाही.

‘आता हे काय? अहो, मी काही अर्जदार नाही.’

मी म्हणालो, ‘मी आहे.’

थोरली, हे वाक्य लिहिण्यासाठीच मी हे पत्र लिहिण्यास बसलो आणि इतका वेळ नळ, बदली आणि शर्ट यांविषयी लिहीत राहिलो. सदस्याला बाहेर जावे लागते. नागरिकाला जावे लागत नाही. तेथेच, डॉक्टरांच्या टेबलावर, मी समितीचा राजीनामा लिहून दिला. नंतर नागरिक म्हणून तुझ्या कारखान्याविरुद्ध तक्रार लिहून दिली. मागल्या भिंतीतील पाइपातून साबणाचे व ब्लीचचे पाणी न गाळता ओढ्यात सोडले जाते, असे तीत म्हटले आहे. नगरपालिकेचे पत्र तुला एक-दोन दिवसांत मिळेल. ते दुसऱ्याच्या हातून मिळण्यापूर्वी माझ्याकडून कळावे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

तुझ्या आईच्या ताटाच्या आवाजाचे कारण हे आहे. ती म्हणाली, ‘पोरीनं एवढं उभं केलं स्वतःच्या जिवावर. नवरा सोडून गेला तेव्हा तुमची समिती आली होती का विचारायला? आणि तिथं कामाला येणाऱ्या बायकांनी काय घोडं मारलंय तुमचं?’ मी म्हणालो, रंगाऱ्याने काय मारले होते? ती म्हणाली, ‘रंगारी माझ्या पोटचा नाही.’

आता एक गोष्ट, जी मी वर गाळली. डॉक्टरांनी जिन्यात मला ते सांगितले, तेव्हा मी उलट पावली माडीवर जायला हवे होते. मी गेलो नाही. मी जिना उतरलो, घरी आलो, तुझ्या आईला ‘टळलं’ म्हणालो, पोटभर जेवलो, आणि मला गाढ झोप लागली. मुलगी वाचली आणि हातही स्वच्छ राहिले, असे माझ्या मनाने परस्पर ठरवून टाकले होते. तुझी चिठ्ठी सर्वस्वी खोटी असती, तर मी तुला फोनवर चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. ती तशी नव्हती, म्हणून मी इतका संतापलो आहे. डॉक्टरांवर आहे, वकीलबाईंवर आहे, तुझ्यावर तर आहेच. तू मला विकत घेऊ पाहिलेस, यापेक्षा मी विकला जाईन हे तुला माझ्याआधी कळले, याचा मला संताप आहे. यापुढे माझ्याविषयी असे कोणालाही कळू नये, तुलासुद्धा नाही, अशी माझी इच्छा आहे.

सभा येत्या गुरुवारी पाच वाजता आहे. तू ये. गाळणीची टाकी बसवण्यास तयार आहेस असे स्वतः सांग आणि मुदत माग. ती मुदत तुला मिळावी आणि तोवर तुझ्या बायकांचे काम चालू राहावे, असे मी बोलेन. तेवढीच मुदत रंगाऱ्यालाही मिळावी, असेही बोलेन. तू पाइप नाकारलास, तर तो कोठे आहे ते मी दाखवीन. तू रडलीस तरी दाखवीन. मला बाहेर जायला सांगू नकोस. नागरिकांच्या बाकावर मी शेवटपर्यंत बसणार आहे.

त्यानंतर घरी येणे किंवा न येणे तुझ्या इच्छेवर आहे. तुझ्या आईने बोलावले आहे. मी बोलावण्याच्या स्थितीत नाही. आलीस तर माझ्याशी बोलू नकोस, हरकत नाही. आईशी बोल, मी पलीकडच्या खोलीत बसून ऐकेन.

तक्रारीखाली मी संपूर्ण नाव लिहून, तारीख घालून सही केली आहे. येथे तेवढ्याची गरज नसावी.

अण्णा