तुझे उपास

आई, उद्या सकाळी माझी सोनोग्राफी आहे. तू गेलीस त्या वयाची मी झाले. पोट फुगल्यासारखं वाटतं, चार घासांत भरतं, असं सांगितल्यावर डॉक्टरीणबाईंनी आधी तुझीच चौकशी केली. अंडाशयाचा कॅन्सर, मी म्हटलं. इतक्या वर्षांनीही ते शब्द तोंडातून निघताना जड जातात. त्यांनी दिलेली सोनोग्राफीची चिठ्ठी बरेच दिवस फ्रिजवर तशीच पडून होती. भीतीपेक्षा मला थकवाच जास्त आहे गं.

चेरीतालच्या घरातलं तुझं स्वयंपाकघर आठवतं. बाबा फॅक्टरीतून आले आहेत, तू त्यांना गरम पोळी वाढते आहेस आणि स्वतःचं ताट घेतलेलं नाही. "तू काहून जेवून नाही राहिली?" ते विचारतात. "आज माझा उपास आहे न," तू म्हणतेस. आधी तुझी फक्त चतुर्थी असायची. मग सोमवार आला, गुरुवार आला, एकादशी आली, आणि शेवटी तुझ्या जेवणाचा वार शोधावा लागायचा. भगरसुद्धा चमचाभर घेऊन उरलेली तू माझ्या ताटात लोटायचीस. आपल्या घरात जेवण नको म्हटलं की सतरा प्रश्न यायचे, उपास म्हटलं की एकही नाही. बाबा कौतुकाने सांगायचे, हिला आता देवाची ओढ लागली. हळदीकुंकवाला आलेल्या बायका तुझ्या पाया पडायच्या, मलाही पडायला लावायच्या. तुझा चेहरा उतरला ते त्यांना व्रताचं तेज वाटलं, आणि पोट फुगलं ते साबुदाण्याच्या वातामुळे. त्यावर ओवा झाला, बेंबीला हिंग झाला. पोटात पाणी साठत होतं हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

तू खोटं बोलत होतीस असं मला वाटत नाही. अन्न नकोसं झालं, तेव्हा ते देवाच्या नावावर घालणं तुला सोपं गेलं असेल. तरी राग येतो, देवाचा आणि तुझाही. डॉक्टरकडे चल म्हटलं तेव्हा तू म्हणालीस, "महालक्ष्म्या होऊन जाऊ दे. त्या घरी यायच्या, अन् मी दवाखान्यात पडून राहू काय?" मग घट्ट झालेल्या पोटावर परकराची नाडी सैल करून तू सोळा भाज्या केल्यास, पुरण वाटलंस, आंबील ढवळलीस. विसर्जनानंतर डॉक्टरांनी पाहिलं तेव्हा ते सगळीकडे पसरलं होतं. केमो झालं, केस गेले. शेवटी तुला वरणभात खावासा वाटायचा आणि गिळवत नव्हता.

यंदाच्या महालक्ष्म्या जवळ आल्यात. आज मुखवटे पुसता पुसता लेकीने फ्रिजवरच्या चिठ्ठीचं विचारलं, तर माझ्या तोंडून तेच निघालं, महालक्ष्म्या होऊन जाऊ दे. इथे हिंदीत वाढलेल्या तुझ्या या नातीला मराठी समजतं सगळं, बोलते अर्धं. तिने हातातला मुखवटा खाली ठेवला आणि अशी काही ओरडली की वरच्या मजल्यावरच्या दीदी जिन्यात आल्या. "नानीला पण सगळ्यांनी हेच करू दिलं न? महालक्ष्म्या मी बसवीन. पुरण बिघडलं तर बिघडलं. लेकिन तू कल चल रही है, बस." तिथेच उभं राहून तिने फोन लावला आणि उद्याची वेळ घेतली. मी अपमान झाल्यासारखं तोंड करून आत गेले, दार लावून घेतलं.

हे तुझ्यापर्यंत पोचायचं नाही, म्हणून सांगते. दाराआड मी रडले, पण अपमानाने नाही. तिचं ओरडणं मला फार बरं वाटलं. तुझ्यावर असं कुणीतरी ओरडायला हवं होतं, आई. आम्ही सगळे तुझ्या पाया पडत होतो.