बाराची गाडी साडेनऊवर

२ नोव्हेंबर १९९५, गुरुवार
आज माझ्यावर झालेल्या अन्यायाची नोंद इतिहास घेणार नाही, म्हणून मीच घेतो. बाळूच्या पिकअपमधून रोज कोपरखैरण्याहून महाप्याला ऑफिसात जातो. फुकट. मेहुण्याचा एवढाच उपयोग. तो तुर्भ्याच्या बाजारातले कांदे-बटाटे कारखान्यांच्या कँटीनना पोचवतो आणि वाटेत मला. आज सवयीने पाय उचलला तर पायरी जागेवर नाही. गाडी वीतभर उंच झालेली. सेहेचाळीस वर्षांचा सीनियर क्लार्क, ड्रायव्हर धर्माने दंडाला धरून वर खेचला, बटाट्याच्या गोणीसारखा. पँटची शिवण गेली.
बाळूचा खुलासा: माल भरला की गाडी मागून बसायची. म्हणून मागे स्प्रिंगचे जादा पाटे, पुढे ठोकळे, चाकंही मोठी. "रुबाब बघा, दाजी." पाहिला. खालून.

१२ नोव्हें., रवि.
बाळू जेवायला. मटण. तोंड मात्र पथ्यावर असल्यासारखं. गाडी लिटरला बारा द्यायची, आता साडेनऊ. डिझेल जातं कुठे? मी म्हटलं, धर्माच्या घरी दिवाळी अजून चालू असेल, पणत्या डिझेलवर लावल्यात. सु., म्हणजे आमची बायको, हसली. बाळू हसला नाही. हाडूक खाली ठेवलं.

१५ नोव्हें., बुध.
धर्मा आज गप्प. एरवी तळवलीपासून महाप्यापर्यंत कुणाची जमीन कुठे होती ते सांगत येतो. त्याची स्वतःची कुठे होती तेही. आता तिथे शेड आहे. दोनदा विचारलं तेव्हा बोलला. बाळूने तीस तारखेची मुदत दिलीय. ॲव्हरेज बारावर नाही आलं तर किल्ली ठेवायची.
नोकरीचं त्याला तितकं नाही. थोरल्या पोरीला पनवेलकडचे लोक बघून गेलेत, पसंत आहे. आता चौकशीला बाजारात येणार. "साहेब, बाजारात जो तो हसतंय. बोलतान, धर्माच्या घरान डिझेलच्या पनत्या. कुनी काडलं ठाव नाय."
मी खिडकीबाहेर बघत राहिलो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

१६ नोव्हें., गुरु.
बाळूला फोन. मी गंमत केली होती, म्हटलं. तो म्हणाला, "तुमी कदी उगाच बोलता का, दाजी?" वीस वर्षं ज्याची वाट पाहिली ती दाद.
एक प्रश्न मात्र डोक्यातून जात नाही. गाडी उंच केली त्याच आठवड्यात डिझेल कसं चोरीला जायला लागलं? चोर इतका वक्तशीर?

१८ नोव्हें., शनि.
शोध लागला, अर्धा. हौद्यात ताडपत्रीखाली रेतीच्या चार गोण्या. धर्माच्याच. जादा पाट्यांमुळे रिकामी गाडी चेंडूसारखी उडते, त्याचा मणका गेलाय. म्हणून ती दबून राहावी यासाठी रेती. वजन पेलावं म्हणून उंची घेतली, उंची सोसेना म्हणून वजन घेतलं. आमच्या ऑफिसात बढत्या याच तत्त्वावर होतात.
चारेक मणांचं हे ओझं दिवसभर फिरतं. धर्माला विचारलं, बाळूला का नाही सांगितलंस? "हौशीनं पाटं बशिवलान. त्यांचे हौशीवर मी रेती टाकू?"

१९ नोव्हें., रवि.
सु.ची शिवणाची टेप आणि सुतळी घेऊन पिकअपखाली. सोसायटीचे चेअरमन गॅलरीतून: काय हरवलंय? म्हटलं, अडीच किलोमीटर.
स्टेपनी जुन्याच मापाची निघाली. तिचा घेर २१२ से.मी. चालती चाकं २३०. मीटर बिचारा चाकाचे फेरे मोजतो, चाक मोठं झाल्याचं त्याला कुणी कळवलेलं नाही. एका फेऱ्यात गाडी जास्त जाते, मीटर जुनाच आकडा लावतो. म्हणजे अंतरच कमी दिसतंय. त्यातलं काही डिझेल चोरीला गेलेलंच नाही!
टेपला ग्रीस. सु. म्हणाली, त्या माणसाच्या पोटावर पाय तुझ्या तोंडाने दिला, आता माझ्या टेपने काढ. रास्त.

२२ नोव्हें., बुध.
पडताळा. पनवेल रस्त्यावर किलोमीटरचे दगड मोजत गेलो. धर्मा गाडी हाकतो, मी डोकं बाहेर काढून मोठ्याने आकडा म्हणतो. दहा दगड झाले, मीटरवर नऊ पूर्णांक दोन. परतताना पुन्हा तेच. धर्माने गाडी बाजूला घेतली, काचेवर बोट ठेवून मीटरकडे बराच वेळ पाहिलं. "म्हंजे ह्यो खोटं बोलतंय." मग हसला. पंधरवड्यात पहिल्यांदा.
या हिशेबाने साडेनऊचे खरे दहा पूर्णांक तीन.

२५ नोव्हें., शनि.
रेती उतरवली. टाकी गळ्यापर्यंत भरली, नेहमीचा फेरा, नेहमीचा माल, पुन्हा गळ्यापर्यंत. मीटरची लबाडी धरून: दहा पूर्णांक नऊ.
बारा नाही. एक पूर्णांक एक कमी.
उरलेलं कुठे? उंच गाडी वारा जास्त खाते? वेगात हात बाहेर धरून पाहिला, वारा दांडगा आहे, पण आकडा हाताला लागत नाही. की जड चाकं थांबून थांबून पुन्हा फिरवायला जास्त लागतं? धर्माला विचारलं, तुला काय वाटतं. तो नुसता "बगू" म्हणाला. नजर रस्त्यावर. ती रस्त्यावर असणंच बरं, पण...

२६ नोव्हें., रवि.
बाळूपुढे कागद ठेवला. सुतळी, दगड, रेती, सगळं. त्याने दोनदा वाचला. हुशार आहे, तीच पंचाईत.
"तुमचं समदं खरं, दाजी. पर ह्यो एक पॉइंट एक कुठंय?"
म्हटलं, वारा असेल.
"चोर एवढंच खातो, दाजी. समदं खाल्लं तर सापडंल की."
पाटे काढ, म्हटलं. नाही, रुबाब जातो. अखेर इतकंच की किल्ली तीसला नको, डिसेंबरभर बघू. बाजारात काय बोललास ते मागे घे म्हटलं तर म्हणाला, बोललेलं कसं मागे घेतात? आणि मुळात बोललं कोण?

२८ नोव्हें., मंगळ.
पनवेलकर गुरुवारी बाजारात येणार. धर्माने सहज सांगितल्यासारखं सांगितलं. मग मी सांगितलं: पणत्यांचं माझं होतं. त्याने गिअर बदलला. महापे आलं. उतरताना हात मात्र दिला.

३० नोव्हें., गुरु.
अर्धी रजा टाकून सकाळीच तुर्भे. कांदा गल्लीतला चहावाला. माथाडी सातआठ, गोण्यांवर बसलेले, बहुतेक साताऱ्याकडचे. पनवेलकर अजून यायचे होते. म्हटलं, डिझेलच्या पणत्या ही गोष्ट माझी. मेहुण्याला हसवायला जेवताना काढली, तिच्यात काडीचं खरं नाही. मग चाकाचा घेर, दगड, मीटर, रेती सगळं सांगितलं. कुणी हसलं नाही. खऱ्या गोष्टीला खप नाही, पण ऐकलं मन लावून. एकाने उठून बाळूच्या गाडीचं चाक कवेत घेऊन पाहिलं.
त्यांच्यातला म्हातारा मुकादम, आकड्याचा पक्का. म्हणाला, "म्हंजे हिशोब जुळला म्हना की."
धर्मा मागे ताडपत्रीची दोरी सोडत होता. हात थांबले. वळला नाही.
म्हटलं, "जुळला."
म्हाताऱ्याने मान हलवली, बाकीच्यांना म्हणाला, ऐकलं नव्हं? आता कुणी इचारलं तर हेच सांगायचं. मला चहा दिला. प्यायलो.
घरी येऊन पुन्हा मांडलं. एक पूर्णांक एक.