आचाऱ्याची उडी

माधवनगर, सांगली
कोजागरीनंतरचा सोमवार

प्रिय सौमित्रराव यांस,

तुमच्या दाजींचा, म्हणजे या सुमंताचा, सप्रेम नमस्कार. आणि मी वयाने वडील असल्यामुळे त्याच्यावर थोडा आशीर्वादही. इकडे सर्व कुशल आहे. जपानहून परतल्यावर तुमचं पोट पुन्हा साताऱ्याच्या पाण्याला सरावलं का, की सौ. मयूरी अजून मुगाच्या खिचडीवरच ठेवते, ते कळवावं. (खिचडीवर ठेवत असेल तर तिचा पक्ष मला मान्य आहे.)

तुम्ही फोनवर विचारलंत, ‘दाजी, ताईला पाठवलेला खेळ कसा आहे?’ आणि मी ‘बरा आहे’ म्हणालो. तेव्हा शेजाऱ्यांच्या फोनवर उभा होतो आणि त्यांचा कुत्रा माझं धोतर हुंगत होता. इतकी वर्षं शाळेत संस्कृत शिकवलेल्या माणसाने एखाद्या कृतीला नुसतं ‘बरा आहे’ म्हणून सोडणं शोभत नाही. म्हणून आता सावकाश गुणदोष सांगतो.

मागच्या दिवाळीत तुमच्याकडे टीव्हीला जोडलेला तो मोठा खेळ मी पाहिला होता. त्याचा नायक अगदी धीरोदात्त: छाती पुढे, हातात तलवार, राजकन्या बुरुजावर. त्यात स्वयंपाकघराच्या दाराशी एक गोल पोटाचा आचारी उभा असायचा आणि थकल्या वीराला वाटीभर कढण द्यायचा. आता त्या आचाऱ्यालाच नायक करून तळहाताएवढ्या पेटीत त्याचा स्वतंत्र खेळ काढलेला दिसतो. हा पहिला गुण. आमच्या नाटकांतला विदूषक जन्मभर राजामागे मोदकांच्या आशेने हिंडला, पण त्याला पुढे करून राजाला मागे उभं करावं असं कोणा कवीला सुचल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. दुसरा गुण असा की हा नायक कोणाला मारत नाही. राक्षस आला की झाऱ्याने त्याच्याकडे लाडूसारखं काहीतरी फेकतो, राक्षस ते खातो आणि जागच्या जागी झोपतो. (लग्नाच्या पंगतीनंतर आपल्याकडच्या मंडळींचं वेगळं काय होतं?) आणि खड्ड्यात पडलं की खेळ पुन्हा पहिल्यापासून. याला कोणी दोष म्हणेल. मी मात्र पाठशाळेत शिकलेला माणूस. अडखळलं की गुरुजी पहिल्या ओळीपासून म्हणायला लावत, तीच ही शिस्त.

आता दोष. पडद्याला रंग एकच, पालकाच्या पातळ भाजीचा. त्याला स्वतःचा उजेड नाही, त्यामुळे तुमची ताई सकाळी पुढच्या ओसरीत आणि दुपारी मागच्या पायरीवर, अशी उन्हाबरोबर घरभर सरकत असते. सूर एकच आणि तो संपत नाही; भांडी घासायला येणाऱ्या बनुबाई आता कढई त्याच तालावर घासतात. सेल फार खातो. (संपलेले सेल गच्चीत वाळत घातले की थोडा वेळ पुन्हा चालतात, पण आचारी दमल्यासारखा चालतो.) शिवाय सुरुवातीला राजा आचाऱ्याला जपानीत काहीतरी बजावतो, ते कळत नाही. हिचं म्हणणं, तो विचारतो आहे की भाजी आणायला गेलास तो इतका वेळ होतास कुठे. मला हा अर्थ पटत नाही, पण विरोध करायला आधार नाही.

हे झालं शास्त्र. आता जे फोनवर बोललो नाही ते सांगतो. आषाढात गच्चीवर पाय घसरून हिचं उजवं मनगट मोडलं, हे तुम्हांला माहीत आहे. प्लॅस्टर निघालं तेव्हा बोटं लाकडासारखी झाली होती. डॉक्टर म्हणाले, आत्ताच हलवली नाहीत तर अशीच राहतील, आणि दाबायला एक रबरी चेंडू दिला. तो हिने खिडकी आपटू नये म्हणून फटीत बसवला. वेणी बनुबाई घालत, तुम्हांला तिची पत्रं मी लिहीत होतो (त्यांत संस्कृत फार होतं ही तुमची तक्रार पोचली), आणि ही मांडीवर हात ठेवून बसायची. मग तुमची पेटी आली. उडीचं बटण उजव्या अंगठ्याखाली. व्यायाम कर म्हटलं की कपाळाला आठ्या, पण तो जाडा माणूस खड्ड्यात पडलेला तिला बघवेना. गणपती उठेपर्यंत अंगठा वाकू लागला होता.

आणि मग मी खंडेनवमीची पूजा मांडली. घरातली कामाची आयुधं पुजायची, हा आपला रिवाज. पाटावर विळी, कात्री, अडकित्ता मांडला आणि वाटलं, या घरात सध्या सर्वांत मोठं काम करतंय कोण? कृतज्ञतेने पेटीही मांडली. हळद, कुंकू, अक्षता सगळं यथासांग. वर फुलाने पाणी शिंपडलं. दुसऱ्या दिवशी उडीचं बटण दबेना. आचारी चालत जाऊन पहिल्याच खड्ड्यात पडू लागला. बनुबाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, “आवं काका, यंत्राला आंघूळ कुनी घालतं व्हय?” हिने पेटी बाजूला ठेवून दिली, ते जास्त लागलं. हात पुन्हा मांडीवर गेला, आणि चारपाच दिवसांत अंगठा परत ताठरला.

शेवटी कोजागरीच्या सकाळी मी भिंग लावून पाहिलं, तर बटणाच्या फटीत अक्षतेचा दाणा, कुंकवाने घट्ट बसलेला. मी सुई घातली; दाणा आणखी आत गेला. शेजारून आवाज आला, “सरका. सुई द्या इकडे.” मी सुई तिच्या डाव्या हातापुढे धरली. तिने उजव्या हाताने घेतली. दोनदा पडली. तिसऱ्यांदा चिमटीत राहिली, आणि तिने तो दाणा, डाळीतला खडा काढावा तसा, काढून माझ्या तळहातावर ठेवला. “तुमचा प्रसाद,” म्हणाली. आषाढानंतर या घरात मला पहिल्यांदाच कोणी चिडवलं. सौमित्रराव, मी तो दाणा खाल्ला.

तेव्हा दोष असतील तेवढे असोत. तुमच्या आचाऱ्याचे आणि तुमचे उपकार आम्ही विसरणार नाही. लहानांना गोड पापा.

तुमचा,
सुमंत

ता. क. वरच्या विवेचनात पहिल्या खड्ड्यापलीकडचं सर्व ऐकीव आहे. मला तो अजून ओलांडता आलेला नाही, कारण पेटी माझ्या वाट्याला येत नाही. दिवाळीला येताना असाच आणखी एक खेळ मिळाला तर आणावा. हिला सांगू नये.

ता. क. दुसरा.
सौमित्र, पत्र पाकिटात घालायला माझ्याकडे दिलं होतं, ते वाचलं. ह्यांना दुसरा आणू नकोस. उन्हाची जागा एकच आहे. ह्यांना मी शिकवते. अक्षर वाकडं आलंय पण कोणाचं आहे ते तू ओळखशील.
ताई